ग्रामीण विदर्भात इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे दुरुस्ती-तंत्रज्ञ कसे घडवावेत

विदर्भातील एखाद्या मध्यम आकाराच्या गावात किती इलेक्ट्रॉनिक उपकरणे आहेत याची यादी करायला बसले, तर टीव्ही आणि मोबाईल त्या यादीचा लहानसाच भाग ठरतात. बॅटरीवर चालणारे फवारणी पंप, सौर कृषिपंपांचे कंट्रोलर, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीन, कापूस-सोयाबीनच्या खरेदीचे इलेक्ट्रॉनिक काटे, विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर, अंगणवाडीतील वजनकाटा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर अशी ती यादी लांबत जाते. शेतीची उपकरणे हंगामातच चालतात, म्हणून ती हंगामातच बिघडतात, आणि ऐन हंगामात पंप आठ दिवस नागपूर किंवा अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहिला तर फवारणीची वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावीच असणे आवश्यक आहे. असा माणूस कसा तयार करावा, हे आयटीआयचे शिल्पनिदेशक, हाताखाली मुले घेऊन दुकान चालवणारे कारागीर आणि आपल्या सभासदांसाठी तंत्रज्ञ तयार करू पाहणाऱ्या शेतकरी कंपन्या किंवा बचत गट यांच्यासाठी येथे लिहिले आहे.

आयटीआयमधील ‘इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक’ हा व्यवसाय अभ्यासक्रम २ वर्षांचा असून त्याला दहावी उत्तीर्ण विद्यार्थी प्रवेश घेतात. पुढे सुचवलेले ६ महिन्यांचे प्रशिक्षण त्याची जागा घेणार नाही. आयटीआय पूर्ण केलेल्यांना त्यातून प्रत्यक्ष कामाचा सराव मिळेल आणि आयटीआयपर्यंत पोहोचू न शकलेल्यांना एक मर्यादित पण पक्के कौशल्य मिळेल. या सगळ्या प्रशिक्षणात एकच सवय अंगी बाणवायची आहे आणि ती म्हणजे कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप घेणे व ते लिहून ठेवणे. बाजारात दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यातील बरेच जण ‘हा आयसी (बोर्डवरची चिप) बदलून पाहू, नाही जमले तर तो बदलू’ या पद्धतीने काम करतात. ग्राहकाचे पैसे त्यात जातात, चांगले भाग वाया जातात आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

पहिली पायरी : काय बिघडते ते आधी पाहा

अभ्यासक्रम ठरवण्यापूर्वी तालुक्यातील दुरुस्तीची दुकाने, कृषी सेवा केंद्रे, बाजार समिती आणि दोन-चार गावे फिरून कोणती उपकरणे कोणत्या महिन्यात दुरुस्तीला येतात याची नोंद करावी. यवतमाळ, अमरावती, अकोला या कापसाच्या पट्ट्यात जुलै ते सप्टेंबर फवारणी पंपांचा आणि त्यानंतर काट्यांचा भर असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ओलाव्याने गंजलेले बोर्ड अधिक येतात. वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या बागांमुळे मोटार पंप आणि त्यांचे स्टार्टर उन्हाळ्यातही चालू असतात. या नोंदींवरून पाच-सहा उपकरणे निवडावीत आणि त्यांच्याच आधारे सर्व काही शिकवावे. तुकडी जानेवारीत सुरू केली तर पायाभूत भाग उन्हाळ्यापूर्वी संपतो, मे-जूनमध्ये पंप आणि चार्जर हाती येतात, आणि जुलैमध्ये हंगामाची गर्दी सुरू होते तेव्हा मुले दुकानात उभी राहण्याइतकी तयार झालेली असतात.

दुसरी पायरी : शिकणाऱ्यांची निवड

एका प्रशिक्षकाकडे ६ ते ८ जणांपेक्षा अधिक जण नसावेत, कारण जिवंत विजेवर काम करणाऱ्या प्रत्येक हातावर लक्ष राहायला हवे. गुणपत्रिकेपेक्षा दोन गोष्टींना महत्त्व द्यावे. उमेदवाराला दशांश, गुणाकार-भागाकार नीट येतो का, आणि जुना रेडिओ किंवा चार्जर समोर ठेवला तर तो घाई न करता, स्क्रू एका डबीत जपून ठेवत उघडतो का, हे पाहावे. रंग ओळखण्याची साधी चाचणीही घ्यावी, कारण रेझिस्टन्सवरील पट्ट्या आणि तारांचे रंग वाचता आले पाहिजेत; ज्याला ते जमत नाही त्याला वगळण्याचे कारण नाही, त्याने प्रत्येक रेझिस्टन्स मीटरने मोजून घ्यावा. मुलींना आणि बचत गटांतील महिलांना आवर्जून बोलवावे. सूक्ष्म सोल्डरिंगला लागणारा स्थिर हात आणि चिकाटी त्यांच्याकडे असते, आणि गावात राहून करता येण्यासारखे हे काम आहे.

तिसरी पायरी : कामाचे टेबल

टेबल लाकडी असावे, त्यावर रबरी चटई असावी आणि पायाखालीही कोरडी चटई असावी. टेबलाच्या वीजजोडणीत एमसीबी (जादा करंट आला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) लावावा व अर्थिंग प्रत्यक्ष मोजून घ्यावे. भिंतीवर तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे त्यामागे अर्थ आहेच, असे गृहीत धरू नये. उघड्या बोर्डवर काम करण्यासाठी एकास-एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे टेबलाचा पुरवठा मुख्य लाइनपासून वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर, घ्यावा. मात्र त्याच्या पुढच्या बाजूला आरसीसीबीचे संरक्षण मिळत नाही आणि दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाला तर झटका तसाच बसतो, हे पहिल्याच दिवशी सांगावे.

या टेबलावरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे सिरीज बल्ब. १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब दुरुस्तीच्या उपकरणाशी सिरीजमध्ये जोडला की आत शॉर्ट असला तरी करंट ०.४३ अँपिअरच्या आसपासच अडतो. उपकरण ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंदावतो, शॉर्ट असेल तर पूर्ण उजेड देतो. एलईडी बल्ब येथे चालत नाही. प्रत्येक शिकाऱ्याने आपला सिरीज बोर्ड स्वतःच्या हाताने तयार करावा. ते त्याचे पहिले काम असावे.

चौथी पायरी : पहिला महिना फक्त सुरक्षितता आणि मोजमाप

पहिल्या महिन्यात काहीही दुरुस्त करायला देऊ नये. मुले अधीर होतात, पालकही विचारतात, पण येथे घाई करणे धोक्याचे आहे. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीतून) गेला की मुख्य कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमा होतो, आणि बंद पडलेल्या बोर्डमध्ये तो प्लग काढल्यानंतरही टिकून राहतो, कारण तो खर्च करणारे सर्किटच सुरू झालेले नसते. स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढण्याची पद्धत पूर्णपणे बंद करावी. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टन्सला दोन इन्सुलेटेड तारा जोडून त्याने कंडेन्सर रिकामा करावा. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यामुळे साधारण ५ सेकंदांत उतरतो. त्यानंतर मीटर लावून खात्री करावी आणि मगच हात लावावा.

मल्टिमीटर शिकवताना आकडे वाचण्यापेक्षा मीटर कुठे चुकीचा लावला जातो यावर अधिक वेळ द्यावा. करंट मोजून झाल्यावर लाल तार १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहते आणि त्याच मीटरने व्होल्टेज मोजायला गेले की थेट शॉर्ट होतो. चालू बोर्डवर ओहम मोजू नये, आणि सर्किटमधला भाग मोजताना शेजारच्या भागांमुळे आकडा कमी दिसू शकतो, हेही हाताने करून दाखवावे. डायोडच्या रेंजवर सिलिकॉन डायोड ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, शॉटकी डायोड ०.२ ते ०.३ च्या आसपास. दोन्ही बाजूंनी शून्य आला तर तो शॉर्ट आहे. हे आकडे पाठ होईपर्यंत मोजून घ्यावेत. रोजची प्रत्येक मोजणी वहीत उतरावी आणि प्रशिक्षकाने ती वही आठवड्याला तपासावी.

पाचवी पायरी : सोल्डरिंग

हे फक्त सरावाने येते, म्हणून त्यावर व्याख्यान देऊ नये. भंगारातील जुने बोर्ड आणून त्यांवरील भाग काढणे आणि परत बसवणे हाच अभ्यास. ६०/४० प्रमाणाची सोल्डर तार, ३२० ते ३५० अंशांचे टोक आणि एका जोडाला दोन-तीन सेकंद, एवढे सूत्र पुरते. टोक आधी भागाच्या पायाला आणि बोर्डवरील तांब्याच्या पट्टीला लावून दोन्ही तापल्यावर सोल्डर द्यावे; टोकावर सोल्डर वितळवून जोडावर नुसते लावले तर ‘ड्राय सोल्डर’ होतो, आणि असे उपकरण दुकानात चालते व बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर हादरे बसले की घरी जाऊन बंद पडते. सोल्डरमध्ये शिसे असल्यामुळे जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आणि धूर जाण्यासाठी खिडकी उघडी ठेवणे सक्तीचे असावे.

सहावी पायरी : पॉवर सप्लाय

अभ्यासक्रमात सर्वांत अधिक वेळ याच भागाला द्यावा, कारण चार्जर, सेट-टॉप बॉक्स, काटा, स्टार्टरचा बोर्ड, काहीही आले तरी बिघाड बहुधा पॉवर सप्लायमध्येच सापडतो. त्याची कारणे विदर्भाच्या विजेत आणि हवेत आहेत.

डीपीवरील (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरील) न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरांमध्ये व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकतो. ४०० व्होल्टचा शिखर-आकडा ५६६ होतो, आणि बोर्डवरील मुख्य कंडेन्सर मात्र बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचाच असतो. तो फुगतो किंवा फुटतो, आणि जादा व्होल्टेजपासून संरक्षणासाठी बसवलेला गोल चकतीसारखा भाग, एमओव्ही, शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. येथे नवखा तंत्रज्ञ फक्त फ्यूज बदलतो, तो पुन्हा उडतो, आणि मग एखादा फ्यूजच्या जागी तार बांधतो. एमओव्ही फुटलेला दिसला की ग्राहकाच्या घरचा व्होल्टेज आणि न्यूट्रल तपासल्याशिवाय उपकरण परत जोडू नये, आणि फ्यूजच्या जागी तार बांधणाऱ्याला त्या दिवशी पुढचे काम देऊ नये, असा नियम मी सुचवेन.

दुसरे कारण उष्णता. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर १०५ अंश आणि २,००० तास असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ त्या तापमानाला तो तेवढे तास टिकतो, आणि तापमान दर १० अंशांनी घटले की आयुष्य साधारण दुप्पट होते. डब्यातील तापमान ६५ अंश असेल तर सुमारे ३२,००० तास मिळतात, ७५ झाले तर १६,०००. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगलेला डबा त्याहून तापतो. त्यामुळे बदलीचा कंडेन्सर १०५ अंशांचाच घ्यावा, ८५ अंशांचा स्वस्तातला घेऊ नये, आणि उपकरण सावलीत, हवा खेळेल अशा जागी टांगण्यास ग्राहकाला सांगावे. तिसरे कारण धूळ, कापसाचे तंतू, मुंग्या आणि पाली. उच्च व्होल्टेजच्या पट्ट्यांवर पाल अडकून शॉर्ट होणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे. केबल आत जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट बसवणे हा त्यावरचा उपाय दुरुस्तीचाच भाग समजावा.

तपासणीचा क्रम मुलांना झोपेतही आठवला पाहिजे. सिरीज बल्बवर जोडावे, मुख्य कंडेन्सरवर डीसी मोजावा. तेथे काहीच नसेल तर फ्यूज, एनटीसी (चालू होतानाचा करंटचा झटका अडवणारा रेझिस्टन्स) आणि ब्रिज पाहावा. तेथे ३०० च्या पुढे व्होल्टेज आहे पण आउटपुट नाही, तर सुरुवातीचा मोठा रेझिस्टन्स आणि आयसीच्या पुरवठ्याचा लहान कंडेन्सर पाहावा. हा लहान कंडेन्सर सुकणे फार वेळा आढळते. आउटपुट येते-जाते आणि टिकटिक आवाज होतो, तर आउटपुटच्या बाजूचा डायोड शॉर्ट आहे का किंवा तिकडचे कंडेन्सर फुगले आहेत का, ते तपासावे.

सातवी पायरी : बिघाड शोधण्याची शिस्त

उपकरण उघडण्यापूर्वी ग्राहकाशी बोलणे शिकवावे. “भाऊ, लाइट जाऊन परत आली तेव्हाच बंद पडलं का? आधी कोणी उघडलं होतं का? पाण्यात भिजलं का?” या तीन प्रश्नांनी निम्मे काम होते. शेतकरी सांगतो, “पंप चालून राहिला, पण फवारा नाही येऊन राहिला.” या एका वाक्यातून बॅटरी, स्विच आणि मोटार बहुधा ठीक असल्याचे आणि गाळणी, नोझल किंवा पंपाचा डायफ्रॅम पाहण्याची गरज असल्याचे कळते. हे ऐकून वहीत लिहिणाऱ्याला बोर्ड उघडावाच लागत नाही.

त्यानंतर डोळ्यांनी पाहणे, वास घेणे, तार हलवून बघणे, आणि मग मोजणे. सर्किट मधोमध तोडून व्होल्टेज कुठपर्यंत पोहोचतो हे पाहिले की बिघाडाची जागा लवकर अरुंद होते. सरावासाठी प्रशिक्षकाने चांगल्या बोर्डांत मुद्दाम बिघाड करावेत. एक डायोड शॉर्ट करावा, एक पट्टी नखाने खरवडून तोडावी, एक पाय सुटा ठेवावा, आणि शिकाऱ्याने वहीत लिहिलेल्या मोजण्यांवरूनच आपला निष्कर्ष सिद्ध करावा. बिघाड योगायोगाने सापडला असेल तर तो सापडला असे धरू नये.

आठवी पायरी : शेतातील उपकरणे

फवारणी पंप दुरुस्तीला घेताना पहिला नियम असा की टाकी आणि नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असावी आणि तंत्रज्ञाने हातमोजे घालावेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. तोच पंप आपल्या टेबलावर येतो. पंपात साधारण १२ व्होल्टची बॅटरी असते. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीनंतर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, पण हा आकडा एकटा पुरत नाही. पंप चालू करून मोजावे. व्होल्टेज १० च्या खाली कोसळला तर बॅटरी संपलेली आहे. हंगाम संपल्यावर उतरलेली बॅटरी जूनपर्यंत तशीच ठेवल्याने ती कायमची बाद होते, म्हणून दर महिन्या-दीड महिन्याने चार्ज करण्याची चिठ्ठी पंपावरच चिकटवून द्यावी.

इलेक्ट्रॉनिक काट्याचा लोड सेल (वजनाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग) शिकवायला उत्तम आहे, कारण त्यात मिलिव्होल्ट मोजावे लागतात. सिग्नलच्या दोन तारांमध्ये साधारण ३५० ओहम मिळतात; ५ व्होल्टचा पुरवठा आणि प्रतिव्होल्ट २ मिलिव्होल्ट अशी क्षमता असेल तर पूर्ण वजनाला सिग्नल अवघा १० मिलिव्होल्ट असतो. एवढ्याशा सिग्नलमध्ये उंदराने कुरतडलेली केबल किंवा ओलावा किती गोंधळ घालेल ते मुलांना लगेच समजते. परंतु व्यापारी काट्याचे सील तोडण्याचा अधिकार शिकाऱ्याला नाही. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार दुरुस्तीसाठी परवाना लागतो आणि दुरुस्तीनंतर काट्याची फेरपडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे लागते. म्हणून हा भाग परवानाधारक दुरुस्तीकाराच्या देखरेखीखालीच शिकवावा.

झटका मशीनचा दाब हजारो व्होल्टचा असतो आणि साध्या मल्टिमीटरने तो मोजायला गेल्यास मीटर जळतो. त्यासाठी कुंपणाचा टेस्टरच वापरावा. मशीनच्या आतील कंडेन्सरही रिकामा करूनच हात लावावा. उन्हाळ्यात ‘मशीन झटका देत नाही’ अशी तक्रार आली की आधी अर्थिंगच्या सळईजवळील माती पाहावी, ती वाळलेली असते. पावसाळ्यात तारेला टेकलेले गवत पाहावे. मशीन ठरावीक, क्षणिक आणि मर्यादित ऊर्जेचे झटके देते म्हणून ते जीवघेणे नसते. घरातील किंवा मोटारीची लाइन थेट कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे, त्यात विदर्भात माणसेही गेली आहेत आणि वाघही. असे जोडून देण्याची विनंती कोणीही केली, जवळच्या नातेवाइकाने केली, तरी नकार द्यायचा, हे प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत सांगावे.

सौर पंपाबाबत अधिक सावध राहावे लागते. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे पंप शेतात आले आहेत. ऊन असेपर्यंत त्यांची पॅनेल बंद करता येत नाहीत आणि अनेक पॅनेल सिरीजमध्ये जोडलेली असल्याने शेकडो व्होल्ट डीसी तयार असतो. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते; डीसीची विझत नाही, तिची कमान होऊन कनेक्टर वितळतो आणि हात भाजतो. त्यामुळे आधी कंट्रोलरवरून पंप थांबवावा, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची लाइन तोडणारा स्विच) बंद करावा, कंट्रोलरवर लिहिलेला वेळ थांबावे, मोजावे, आणि मगच झाकण उघडावे. चालू पंपाचा कनेक्टर कधीही ओढू नये. हमीच्या मुदतीत कंट्रोलर उघडूच नये. तेथे तंत्रज्ञाचे काम फॉल्ट कोड टिपणे, पॅनेलचा व्होल्टेज आणि अर्थिंग मोजणे, सर्ज संरक्षकाची (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणाऱ्या भागाची) खिडकी लाल झाली आहे का ते पाहणे आणि शेतकऱ्याला तक्रार नीट नोंदवून देणे एवढेच आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी खाली गेले की कंट्रोलर ‘ड्राय रन’ (पंप पाण्याविना चालत असल्याची खूण) दाखवून थांबतो, तो बिघाड नाही. पॅनेल सकाळी लवकर धुवावेत; तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते.

नववी पायरी : परीक्षा, सुटे भाग आणि पुढचा पाठपुरावा

लेखी परीक्षेला फार महत्त्व देऊ नये. वर्धा येथे १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीने हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला होता, आणि या विद्येला तो तंतोतंत लागू पडतो. प्रत्येकाला बिघडलेली तीन उपकरणे द्यावीत, त्यांतील एक दुरुस्त होण्यासारखे नसावे. ते ‘दुरुस्तीच्या पलीकडे आहे’ असे मोजमापांसह लिहून देणारा विद्यार्थी उत्तीर्ण समजावा. त्यानंतर तीन महिने त्याच्या वहीतील प्रत्येक दुरुस्तीपुढे ‘परत आले का’ हा रकाना भरून घ्यावा.

सुटे भाग नागपूरहून मे महिन्यातच आणून ठेवावेत : १०५ अंशांचे कंडेन्सर, एमओव्ही, ठरलेल्या क्षमतेचे फ्यूज, ब्रिज, शॉटकी डायोड, पंपाचे स्विच आणि डायफ्रॅम. बाद बॅटऱ्या विक्रेत्याला परत कराव्यात. फुगलेले लिथियम सेल वेगळ्या, कोरड्या, न पेटणाऱ्या डब्यात ठेवावेत. ते शेकोटीत किंवा उकिरड्यावर जाता कामा नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बाद बोर्ड नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवेत, म्हणून तालुक्यातील चार-पाच दुकानांनी ते एकत्र साठवून वर्षातून एकदा पाठवण्याची व्यवस्था करावी.

बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांना दर तीन महिन्यांनी एक दिवस वह्या घेऊन परत बोलवावे. ज्या मॉडेलमध्ये तोच भाग पुन्हा पुन्हा जळतो ते अनेक वह्या शेजारी ठेवल्यावरच दिसते, आणि त्या नोंदी पुढच्या तुकडीच्या मुद्दाम केलेल्या बिघाडांमध्ये घालता येतात.